काकाच्या नावाचा रंग

तुम्ही हसाल, पण पुतणीला मी सगळे रंग शिकवले, एक सोडून. माझं नवीन लग्न. यजमानांचं नाव निळकंठ, सासूबाई हाक मारत निळ्या. मग तो रंग मी तोंडातून काढायचा कसा? फुटक्या बांगड्यांच्या काचा मांडून मी सांगे, ही लाल, ही हिरवी, ही काकाच्या नावाची.

तीन वर्षांच्या गोदीने त्यातलं नाव गाळलं. चिखलीची पाहुणी निळं लुगडं नेसून आली, तर तिचा पदर धरून गोदी ओरडली, "हे काकाचं!"

पाहुणी लालबुंद. सासूबाई म्हणाल्या, "काय शिकवून राह्यली वो पोरीले? नीट सांग तिले, कोणत्या रंगाचं हाये!"

"निळ्या..." म्हणून मी अडखळले. "रंगाचं" काही पुढे निघेना.

तोच ओसरीवरून आवाज आला, "आलो वो माय!"