गच्चीवरचे पांढरेशुभ्र कागद

सून : आई, चहा राहू द्या, आधी इकडे बघा. गच्चीवरचं माझं यंत्र दिवसभर हवा ओढतं, बरोबर?

सासू : ओढतं कसलं, घुरघुरतं. तुझ्या सासऱ्यांसारखं.

सून : आणि हवेतली घाण ह्या गोल कागदावर बसते. नऊ दिवस कागद पांढराशुभ्र! ऑफिसात विचारतात, घर डोंगरावर आहे का तुमचं? आज अकराला मागच्या रंगाच्या कारखान्याच्या धुरावर सुनावणी. कारखान्याचा मालक हेच कागद नाचवत सुटणार. आणि आज दहाव्या दिवशी कागद एकदम तव्याच्या बुडासारखा काळा!

सासू : आज माझा गुडघा धरला होता.

सून : गुडघ्याचा काय संबंध?

सासू : मग जिने कोण चढणार?

सून : आई!

सासू : अगं, तू आंघोळीला गेलीस की काळा काढायचे, तुझ्या डबीतला नवा घालायचे. दोन मिनिटांचं काम. कधी बोलून दाखवलं का मी?

सून : पण का?

सासू : का म्हणजे? तुझे साहेब तो काचेखाली धरून बघणार! चाळीस वर्षं झाडून-पुसून ठेवलंय मी हे घर. असला मळका कागद बाहेर गेला तर माझी काय शोभा?

सून : ते काळे कुठे आहेत?

सासू : धुऊन परत डबीत ठेवावेत म्हणून भिजत घातले. लगदा झाला मेल्यांचा.

सून : संपलं सगळं.

सासू : काही संपलं नाही. कारखान्याचंच आहे ते. रस्त्याची धूळ झटकली की जाते. गाड्यांच्या धुरानं चादर नुसती करडी होते. हे तेलकट काळं चोळलं की पसरतं. मागून वारा सुटला की येतं, आणि कारखान्याच्या सुट्टीला येत नाही. मी अभ्रे धुते तेच मुळी त्या दिवशी.

सून : हे शोधायला आमची प्रयोगशाळा महिना घेते!

सासू : विचारायचंस की मला.

सून : आता तिथे विचारतील. नऊ कागद खोटे, असं मी म्हटलं तर बहाणा वाटेल. तुम्ही येऊन सांगितलंत तरच पुन्हा मोजणी होईल.

सासू : चारचौघांत सांगू, आमच्या गच्चीवर घाण होती म्हणून? जमायचं नाही.

(सासूला खोकल्याची मोठी उबळ येते. सून पाणी देते, पाठ चोळते.)

सून : डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो दाखवला तेव्हापासून मला धड झोप नाही. भीती वाटते हो मला. म्हणूनच भांडतेय मी कारखान्याशी.

सासू : मग बोलली नाहीस ती?

सून : तुम्ही तरी कुठे बोलता? तोंडावर उशी दाबून खोकता. भिंतीतून ऐकू येतं.

सासू : ...किती वाजता म्हणालीस?

सून : अकराला.

सासू : येते मी. आणि तिथे उबळ आली ना, तर दाबणार नाही.