हिरवा तं लागनाच नई

मी मनीषा, नशिराबादची. आबा, म्हणजे वडील आमचे, नशिराबाद-जळगाव काळी-पिवळी चालवतात, म्हणून मी बोलायच्या आधी गिअरचा आवाज काढायला शिकले, घुंऽऽ खट्, आणि आजबी कोणाचीही गाडी तोंडाने वाजवून दाखवते, जितूभाऊंची तर त्यांच्या खोकल्यासकट. जितूभाऊ म्हणजे जळगावातल्या गेम पार्लरचे मालक, मी तिथं काउंटरवर आहे.

काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे रेसिंगची दोन मशीनं. एक जुनं, लाल, सीट फाटकी, स्पीकर कधीचा गेलेला, म्हणून इंजिनचा आवाज मीच देते. गाड्या चार, रस्ते तीन, बस. पण रस्ता कसा, बोगदा, धबधबा, समुद्रावरून उडी. ब्रेकला नुसता पाय लावला की गाडीचं बूड सर्रकन फिरतं, भिंतीला घासा, ठिणग्या उडतात, गाडी पुढेच. दुसरं नवीन, सिम्युलेटर. गाड्या ढीगभर, ट्रॅक परदेशातले हुबेहूब, टायर गरम व्हायची वाट बघा, वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबा, स्टिअरिंग तर हातातून ओढून घेतं. चांगलं आहे, मी नाही कशाला म्हणू, एक वळण नीट बसलं की अंगावर काटा येतो. पण त्याच्यात बसून हसताना मी कोणाला पाहिलं नाही.

तर जितूभाऊ म्हणे, लाल भंगारात देऊ, अजून एक सिम्युलेटर आणू, ते खरं ड्रायव्हिंग, हा पोरखेळ. माझं डोकंच फिरलं ना भो, मी त्याच्यावरच शिकले! म्हटलं, खरं ड्रायव्हिंग ना? मग खरा ड्रायव्हर आणते, त्याला आवडेल ते राहील. आण म्हणे, शब्द दिला.

रविवारी आबा आले, खाकी शर्टाला इस्त्री करून. सिम्युलेटरात बसले, आधी हॉर्न शोधला. तिथं लाल दिवे लागतात आणि विझले की रेस सुरू. दिवे विझले, बठ्ठ्या गाड्या गेल्या, एकूण एक, आबा जागेवर. मी ओरडले, आबा, चला ना! तर आबा म्हणे, हिरवा तं लागनाच नई, कसा जाऊ? अख्खं पार्लर खिदळलं. मग निघाले तर पहिल्याच वळणाला गिरकी खाऊन मातीत, परत मातीत. घामाघूम उतरले, म्हणे, हाई तं मनी रोजनी नोकरी शे, आनि तीबी बिगर पॅसेंजरनी.

मग लाल. तिथंबी धडकले, समुद्रात गेले, शेवटचा नंबर आला, पण उडीवर गाडी उडाली आणि माझे आबा, जे गाडी कधी पन्नासच्या वर नेत नाहीत, ते आईशप्पथ ओरडले, व्वा रे भो! परत लाव!

जितूभाऊंनी शब्द पाळला, पण मशीन मागे संडासाच्या दाराशी ढकललं, बघू म्हणे तिथं कोण येतं. येतात की! संडासाला जाणाऱ्याला वाट मागावी लागते, एवढी गर्दी. सिम्युलेटरवाली पोरं म्हणतात, तुला खरं चालवता येत नाही. येतं. चालवते. आणि उतरून परत लालमध्येच जाऊन बसते, काय म्हणणं आहे?

आबा आता दर रविवारी शेवटची फेरी टाकून येतात. तुम्हीबी या, भलं होईल तुमचं. हिरव्याची वाट बघू नका, तीन-दोन-एक मी म्हणते.