पाहुण्याचं अंथरूण

आई: गॅलरीत नाही म्हणजे नाही. काल ठेवला होता ना? रात्रभर गळा काढून रडला. सकाळी जिन्यात खालच्या काकू भेटल्या. "काय हो, घरात कुणी आजारी आहे का?" काय सांगायचं मी त्यांना?

बाबा: खरं ते सांगायचं. दुसरा कुत्रा आणलाय म्हणून.

आई: तुम्ही आणलाय. मला न विचारता.

बाबा: अगं, विचारायला वेळ कुठे होता? त्या आजींचा सोफा शिवून द्यायला गेलो, तर त्यांचं सामान बांधून तयार. मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, तिकडे कुत्रा चालत नाही. पिंजऱ्यात जाणार होता बिचारा. म्हटलं, द्या इकडे. त्यांच्या खाटेला टेकून झोपायचा म्हणे. एकटा कधी झोपलेलाच नाही.

लेक: ते सगळं ठीक आहे, पण आज रात्रीचं काय ते आत्ताच ठरवा. स्वयंपाकघरात?

आई: तिथे मखमलची वाटी आहे. ती त्याला उंबरठा तरी ओलांडू देईल का? दुपारी बघितलंस ना, कशी दात विचकून उभी राहिली.

लेक: बरोबरच आहे तिचं. इतकी वर्षं एकटीचं राज्य होतं.

बाबा: मग तुझ्या खोलीत?

लेक: अजिबात नाही हां! माझी पहाटेची ड्युटी असते. आणि हा बसतो कुठे? मघापासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. दारापाशी जातो, खिडकीपाशी येतो, परत दारापाशी. ती नखांची टकटक डोक्यात जायला लागलीय माझ्या.

आई: बस रे बाबा एका जागी!

बाबा: मी बसलोच आहे.

आई: तुम्हाला नाही, त्याला म्हणतेय.

बाबा: पाहुणा आहे तो. रुळेल हळूहळू.

आई: पाहुणे कधीतरी घरी जातात. हा राहायला आलाय.

लेक: ऐका ना. डॉक्टर काय म्हणाले? काही दिवस दोघांना वेगवेगळ्या खोलीत झोपवा, मधलं दार बंद ठेवा, पण एकटं कुणालाच ठेवू नका. सोपं आहे की! मखमल आईजवळ असतेच. बाबा हॉलमध्ये झोपतातच. नव्याला बाबांजवळ टाका. विषय संपला.

बाबा: हां. मी तेच म्हणत होतो.

आई: तुम्ही तेच म्हणत होतात?

लेक: का? काय झालं?

आई: काही नाही. जा, दोघांना खाली फिरवून आण.

लेक: आत्ता? दोघांना एकदम? आई, ती फाडून खाईल त्याला.

आई: दोन हातांत दोन पट्टे धर आणि मध्ये तू चाल. जा.

लेक: बरं, बरं. समजलं मला. चल गं मखमल. चल रे नव्या.

(दार लागतं. नखांची टकटक जिन्यावरून खाली जात राहते.)

बाबा: एवढं काय झालं?

आई: मधलं दार बंद.

बाबा: डॉक्टरांनी सांगितलंय ना.

आई: आजवर निदान उघडं तरी असायचं.

बाबा: अगं, कुत्र्यांसाठी आहे ते.

आई: मागच्या आठवड्यात तुम्ही सोफ्याचा फोम बदललात.

बाबा: पाठ धरली होती माझी.

आई: पाठ धरली की माणूस पलंगावर परत येतो. फोम नाही बदलत.

बाबा: दुकानात एक चांगला तुकडा उरला होता, म्हणून...

आई: आधी चार्जर नेलात. मग चष्मा. मग तो छोटा दिवा. आता कुत्रा. बिऱ्हाड थाटताय तुम्ही तिकडे, एकेक सामान हलवून.

बाबा: कुत्रा म्हणजे काही सामान नाही.

आई: विषय बदलू नका.

बाबा: बदलत नाही गं. मला सुचत नाहीये काही. तोंडाला येईल ते बोलतोय.

आई: माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून तुम्ही बाहेर झोपायला गेलात. हो ना? खांदा केव्हाच बरा झाला. रोज शाळेत ह्याच हाताने वरपर्यंत फळा पुसते मी. परवा माळ्यावरचा डबा काढला, तेव्हा तुम्ही समोरच होतात.

बाबा: बघितलं मी.

आई: मग?

बाबा: मग काय? माझ्या जागी तुझ्या उशा रचलेल्या असतात. एकदा आलो होतो मी. दाराशी उभा राहिलो. तू झोपलेली, हात उशांवर, आणि उशांच्या पलीकडे मखमल, ऐसपैस. मला बघून तिनं शेपूटसुद्धा हलवलं नाही. म्हटलं, इथे जागा भरलेली दिसतेय.

आई: हाक मारायची होती.

बाबा: तू का नाही मारलीस?

आई: खरं सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. घोरणं नाही, पांघरुणाची ओढाओढ नाही, अख्खा पलंग माझा. मग ते बरं वाटणं सरलं. तोवर तुम्ही बाहेर इतके निवांत दिसायला लागलात, म्हटलं, ह्यांनाही सुटल्यासारखं झालं असेल. कशाला बोलवा?

बाबा: निवांत? मी रात्रीचा फिरत असतो. पाणी पितो, खिडकी लावतो, परत उघडतो.

आई: ऐकू येतं मला.

बाबा: जागी असतेस तू?

आई: मग काय करणार?

बाबा: ऑपरेशननंतरची ती रात्र आठवते? झोपेत माझं कोपर तुझ्या खांद्यावर पडलं. तू अशी ओरडलीस... तसा आवाज मी तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आई: टाके ओले होते हो.

बाबा: ते कळतं मला. जागेपणी माझा टाका इकडचा तिकडे होत नाही. पण झोपेत हात कुठे जाईल, ते काय सांगू? भीती बसली ती बसलीच. आणि हे बोलायचं तरी कसं? एवढा घोडा झालेला माणूस, म्हणे मला पलंगाची भीती वाटते.

आई: सांगायचं होतं.

बाबा: सांगितलं ना आत्ता.

लेक: आलो आम्ही! अहो, गंमत ऐका. कोपऱ्यावरून एक मोटारसायकल धडधडत गेली, तर हा नवा घाबरून सरळ मखमलच्या पोटाखाली! मला वाटलं, आता संपलं. पण तिनं खपवून घेतलं. गुरगुरली, पण हलली नाही. ...तुम्ही दोघं असे उभे का?

आई: कपाटातली जुनी सतरंजी काढ.

लेक: हॉलमध्ये टाकू?

आई: आमच्या खोलीत. खाली, बाबांच्या बाजूला.

लेक: बाबांच्या... बरं. पण डॉक्टर म्हणाले होते, वेगळ्या खोल्या...

आई: मध्ये पलंग आहे, पलंगावर आम्ही दोघं आहोत. मखमलला माझ्या बाजूला पट्ट्यानं बांधू. भांडलेच तर उठून बघू.

बाबा: आणि खालच्या काकू?

आई: काकूंचं मी बघते.

लेक: बाबा, तुमचं सामान आणू आत? दिवा, चार्जर?

बाबा: उद्या आण. आज नुसता मी जातो.

लेक: मी सतरंजी टाकते. चला रे दोघं. मखमल, गुरगुरायचं नाही!

बाबा: अगं...

आई: काय?

बाबा: झोपेत परत हात लागला तर?

आई: ओरडेन. मग झोपेन परत. तुम्ही तेवढं उठून जाऊ नका.