हात फिरवलेलं चित्र

बादली तिथेच ठेवा, दादा. उंबऱ्याच्या बाहेर. नाही, तुमच्यावर राग नाही माझा — तुमचं काय चुकलं, मोठ्या बाईंनी फोन केला, बालवर्गाची भिंत पांढरी करायचीय म्हणाल्या, तुम्ही आलात. तुमच्या बाकीच्या तीन भिंती घ्या, छत घ्या, दाराची चौकट घ्या, वाटलं तर माझी खुर्चीसुद्धा रंगवा, मी दिवसभर उभी राहून शिकवीन. पण ही भिंत नाही. ही खडूची रेघ बघा, आत्ताच मारलीय मी. आमच्या वर्गातल्या सगळ्यात उंच पोरानं टाचा उचलून हात वर केला की इथपर्यंत पोचतो. रेघेच्या वर तुमचं राज्य. खाली ब्रश लागणार नाही. मी हे बुटकं स्टूल भिंतीला लावून बसलेय ते काही पाय दुखतात म्हणून नाही — म्हणजे दुखतातही, पण म्हणून नाही.

काय बघताय? घाण दिसतेय ना? बोला की, मोठ्या बाईही तेच म्हणतात. उद्या नवीन प्रवेशाचे पालक येणार, नाकं मुरडणार, म्हणणार ही शाळा आहे की कोळशाची वखार. म्हणून पांढरं करायचं आणि वर छापील तक्ते लावायचे, अक्षरांचे, आकड्यांचे, चकचकीत. लावा ना, तक्त्यांशी माझं काय वैर आहे? पण ते खिडकीखालचं मांजर बघा. ज्यानं काढलंय त्याला मी दीड महिना तीनच्या पुढे नेऊ शकले नव्हते. मणी दिले, बटणं दिली, चौथ्याला गाडी अडायचीच. एक दिवस इथे फतकल मारून बसला, मांजराला मिशा काढत सुटला, आणि आपला आपणच म्हणाला, इकडे चार, इकडे पाच, एक राहिली. तक्त्यावरचा पाच त्याच्यासाठी परका होता हो, हा त्याच्या घरचा आहे. आणि ती दाराजवळची रेघांची गुंतवळ — ती काढणारीला शाळा सुरू झाली तेव्हा चमचा धरता येत नव्हता, निम्मं अंगावर सांडायचं. तेव्हा तिचा हात खांद्यातून हलायचा, त्या मोठाल्या रेघा आहेत ना, त्या तेव्हाच्या. मग कोपरातून हलायला लागला. आता मनगटातून हलतो आणि कपड्याचं बटण तिचं ती लावते. तिच्या आजीला वाटतं शाळेत बटणाचा तास असतो.

बरं, हे सगळं राहू दे. जरा वाकून खालची ओळ बघा. दारापासून निघालीय — गोल, गोल, गोल. ही आमच्या मुंगीची. नाव वेगळं आहे तिचं, पण भिंतीच्या कडेकडेनं चालते म्हणून सगळी पोरं मुंगी म्हणतात. पाच महिने झाले, या खोलीत एक शब्द बोललेली नाही. आई कामासाठी दुसऱ्या शहरात गेली आणि हिचं बोलणं आटलं, एवढंच मला बापाकडून कळलंय. तो कामावर जाता जाता सोडतो, म्हणून सगळ्यांच्या आधी येते. आली की एक गोल काढते, मगच दप्तर खुंटीला अडकवते. रोज एकच. मी विचारत नाही की बाळा, हे काय आहे. परवाच्या गोलाला दोन ठिपके आले. काल खाली दोन पाय आले. आज काय येणार मला माहीत नाही. खिडकीपर्यंत वीतभर जागा उरलीय बघा. आणि तुम्ही आज यावर दोन हात मारणार. तिनं दारातून आत यायचं आणि बघायचं की पाच महिने आपण काही बोललोच नव्हतो. ते मी होऊ देणार नाही.

मोठ्या बाई काय म्हणाल्या काल, ठाऊक आहे? म्हणाल्या, तुम्ही पूर्वी मुलांकडून किती सुंदर चित्रं करून घ्यायचात. हो, घ्यायचे. अकरा वर्षं घेतली. प्रदर्शनाला सगळी गर्दी माझ्या वर्गासमोर. कसं ते सांगू? मुलांनी काढायचं, आणि शाळा सुटली की मी बसून हात फिरवायचा. सगळ्याच बाई फिरवतात, नाही असं नाही, पण माझ्यासारखा कोणाचा फिरत नव्हता. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली घर, घराला खिडकी, खिडकीला पडदा. चार वर्षांच्या पोराच्या नावाखाली झालरीचा पडदा, दादा. पालक तोंड भरून कौतुक करायचे. तर एका वर्षी वर्गातल्या एका मुलानं आई काढली होती. मान नाही, धड नाही, नुसतं डोकं आणि दोन हात, आणि हातांना बोटं — एकाला नऊ, एकाला अकरा. मी खोडरबर घेतलं आणि पाच-पाच केली. वर मान जोडून गळ्यात माळ घातली. पहिला नंबर आला. त्याला समोर उभं केलं, म्हटलं बघ, तुझी आई. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ही नाही. संपलं. त्यानंतर कागद पुढे ठेवला की खडू माझ्याकडे सरकवायचा, तूच काढ. घरी जेवणं झाली की टेबलावर कागद पसरून बसवायचे, रंगीत पेट्या आणल्या, तरी तेच —

कोणाच्या घरी म्हणजे? माझ्या. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. माझाच होता तो. माझ्याच वर्गात.

आणि तुम्हाला वाटत असेल की तेव्हाच मी शहाणी झाले. छे. कौतुकाची चटक वाईट, दादा, पुढे सात वर्षं हात फिरवत राहिले. मग त्याला निबंध लिहायचा होता, माझी आई, तर वही घेऊन माझ्याकडेच आला — आई, काय लिहू? त्या दिवशी खोडरबर फेकून दिलं. पण तोवर काय उपयोग. आज सव्वीसचा आहे, नोकरी चांगली, कोणी नाव ठेवणार नाही असा गुणी. गेल्या आठवड्यात फोन केला, नव्या खोलीला पडदे घ्यायचेत, कुठला रंग घेऊ. म्हटलं तुला आवडेल तो घे. म्हणाला, तूच सांग ना. आणि मी सांगितलं. निळा. सांगितलं मी, जित्याची खोड. त्यानं ते चित्र काढलं त्या वर्षी माझी सकाळी शाळा, दुपारी लोकांचं शिवणकाम, संध्याकाळी सासूबाईंचं अंथरूण — वीस बोटं त्यानं अगदी बरोबर मोजली होती.

तेव्हा मोठ्या बाईंना खुशाल कळवा की बाई उठत नाहीत. सगळं माझ्यावर ढकला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण नोकरी गेली तर गेली, घरी बसून पुन्हा शिवणकाम करीन. उद्या पालक आले की मीच या भिंतीसमोर उभी राहणार आणि त्या मांजराच्या मिशा त्यांना मोजायला लावणार. ज्याला पांढरी भिंत हवी त्यानं आपलं मूल घेऊन दवाखान्यात जावं.

थांबा. फाटक वाजलं. तीच ती. जरा बाजूला व्हा, वाट सोडा तिला. बादलीकडे बघतेय… ये बाळा, ये. भिंत आहे तुझी. हे घे, मीच सरकते.

हळू बोला. गोल काढला. ठिपके. पाय. आता — आता हात काढतेय, दादा. बोटं काढतेय. किती ते मी मोजणार नाही. मी खिडकीबाहेर बघते.

अहो, तुमच्याकडे आली ती. खडू देतेय, घ्या ना. ब्रश ठेवा खाली. ती शेवटची जागा तिनं तुम्हाला दिलीय, बसा, मांडी घालून बसा तिच्याशेजारी. काय? काय काढू म्हणताय?

माझ्याकडे बघू नका, दादा. मला विचारू नका. मी आता एक अक्षर बोलणार नाही.