दाराजवळचा खांब

मी मूळचा दातिवऱ्याचा. बाप मच्छीमार, त्याचा बाप मच्छीमार, मीच एक फिटर निघालो. लहानपणी होडी वाळूवर वढायची झाली की सगळा पाडा यायचा, पोरंटोरंबी दोराला हात लावायची, आणि होडी वर आली की बाबा पहिलं काय करायचा तर खाली ओंडके सारायचा. बोलायचा, दोर वढायला असतो, धरून ठेवायला नसतो. होडी टेकली नाय तोवर तो पाणीसुद्धा प्यायचा नाय, आणि आमाला कुणाला होडीच्या उताराकडच्या अंगाला उभं राहू द्यायचा नाय. मंग मी पालघरला आयटीआय केलं, तारापूरच्या एमआयडीसीत लागलो, मेंटेनन्सला. चेनब्लॉक, होइस्ट, क्रेन, सगळं वर नेणारं-खाली आणणारं माझ्याकडं. सव्वीस वर्षं केलं. कंपनी बंद झाली तवा हाताला ह्याच कामाची सवय, दुसरं येतंय काय.

आता तुमी विचारलंत घरातल्या गाडीच्या लिफ्टचं, तर सांगतो. बोईसरला जागा किती राहिली तुमाला दिसतंयच. बंगला बांधतात, दारात एकच गाडी मावते, आणि गाड्या दोन. मंग चार खांबांची लिफ्ट बसवतात. एक गाडी वर, एक खाली. लोकांना वाटतं बटन दाबलं की झालं. तसं नाय ताई. तारांचे दोर गाडीला वर नेतात, पण वर राहते ती खटक्यांवर. प्रत्येक खांबाला आतून खाचा, आणि लिफ्ट वर जाताना खटका एकेका खाचेवरून खट खट करत जातो. वर पोचली की एक सेकंद खालचं बटन दाबायचं, मंग चारही खटके खाचेत बसतात, वजन दोरावरून सुटतं. हे एवढं केलं नाय तर चार दिवस, चार महिने काय होणार नाय, आणि एक दिवस होईल. म्हणून मी ज्याच्या घरी जातो त्याला पहिलं हेच शिकवतो. आणि दुसरं, वर गाडी असताना खाली माणूस थांबायचा नाय. गाडी लावा, बाहेर या. दुसरं लोक ऐकत नाय.

ऐकणार कसे, आता भूषणभाऊंचंच बघा. भूषणभाऊ म्हणजे बोईसरचेच, एका कंपनीत इंजिनियर, माणूस शिस्तीचा. वडील गेले, त्यांची जुनी गाडी विकायला मन होईना, म्हणून लिफ्ट. वडलांची गाडी वर, रोजची खाली. सकाळी भाऊ रोजची गाडी घेऊन कामावर गेले की खाली एवढी मोठी लादी मोकळी, वर सावली, वारा आरपार. आणि त्यांच्या आईला, माईंना, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. स्वैपाकघरात पाच बायका मावायच्या नाय. मंग काय, चटई टाकली, सिलेंडर आणला, शेगडी मांडली. त्या पाच बायकांत माझी बायको लता. मला माहीत होतं ती माईंकडं चकल्या पाडायला जाते. कुठं बसून पाडते ते मी विचारलं नव्हतं. सव्वीस वर्षं वजनाखाली कोण उभं हाय ते बघायची नोकरी केली, आणि घरचं माणूस कुठं बसतं ते विचारलं नाय.

आता माझी चूक सांगतो. ही मी सगळीकडं सांगतो, तुमीबी लिहा.

आमच्यात दसऱ्याला मशीनची पूजा असते. कंपनीत होतो तवा आदल्या दिवशी सगळं धुवायचं, ऑइल पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे, त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाय. आणि घातलेला हार आपण काढायचा नाय, सुकून आपोआप गळेल तवा गळेल. कुठल्याबी वर्कशॉपमधे बघा, संक्रांतीपर्यंत सुकलेली फुलं लोंबत असतात. ज्या लिफ्ट मी सांभाळतो त्यांची पूजा मीच जाऊन करतो, हौस हाय मला. भूषणभाऊंकडं गेलो. लिफ्ट खाली होती. चारही खांबांना कुंकू लावलं, आणि दाराजवळच्या खांबाला, जिथं बटन हाय, तिथं हार. आता हार अडकवायला खांब गुळगुळीत, पत्र्याला खिळा नाय की हुक नाय. एक दांडी तेवढी बाहेर आलेली. मी त्या दांडीला आणि खांबाला लाल नाड्याचे पाच वेढे दिले, चांगले घट्ट, आणि वरून हार सोडला. छान दिसत होतं. माईंनी पेढा दिला.

ती दांडी त्या खांबाच्या खटक्याची होती, गाडी खाली आणताना ती खांबाकडं दाबली की खटका खाचेतून सुटतो, म्हणजे दाबून बांधली तर खटका बसतच नाय. मीच तिला दर तीन महिन्यांनी ग्रीस लावतो. आणि त्या दिवशी मला ती फक्त हार अडकवायची जागा दिसली. काय सांगू तुमाला, मी देवाचं करत होतो ना, फिटर घरी राहिला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी वडलांची गाडी वर नेली. शिकवल्याप्रमाणं एक सेकंद खाली सोडली. तीन खांबांचे खटके बसले, दाराजवळचा मी बांधून ठेवलेला. त्या कोपऱ्याचं सगळं वजन एकट्या दोरावर. भाऊंना कसं कळणार, दांडीवर फुलं. आणि फुलं ते काढणार नाय, मीच सांगितलेलं.

दसरा होऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. मी वाणगावला एका ग्रिलवाल्याकडं गेलेलो, त्याचा ड्रिल दुरुस्त करायला. ड्रिलला सुकलेला हार. मी बोललो हे काढ आधी. तो बोलला काका, दसऱ्याचा हाय, राहू द्या की. आणि त्यानं बटन दाबलं, तर हाराचा दोरा फिरत्या भागात गेला, गुंडाळला, आणि ड्रिल घुं करून अडकला. तो हसला. मी दोरा कापायला पकड हातात घेतली आणि हात तिथंच राहिला. मला पाच वेढे दिसले.

भाऊंना फोन लावला, कंपनीत मोबाइल नेऊ देत नाय, लॉकरमधे. लताला लावला, वाजून वाजून बंद. मंग माझ्या डोक्यात आलं, ही फोन का उचलत नाय, हात पिठाचे असतील, आणि हात पिठाचे तर बसली कुठं असेल. ताई, वाणगाव ते बोईसर मी कसा आलो ते मला खरंच आठवत नाय. भ्यालो होतो. रेल्वेचं फाटक आलं तेवढं आठवतं, ते बंद होतं.

पोचलो तर समोर तेच. वर गाडी, खाली पाच बायका, मधे कढई. दाराकडचा कोपरा दोन बोटं खाली आलेला मला रस्त्यावरून दिसला. वराडलो असतो तर बायका दचकून उठल्या असत्या, कढईतलं तेल कुणाच्या तरी अंगावर. म्हणून मी चप्पल काढली, दारात उभा राहिलो, आणि जेवायला वाढ बोलावं तसं बोललो, लता, गॅस बंद कर. माई बोलल्या, थांब रे, एवढा घाणा होऊ दे. मी परत बोललो, लता, गॅस. तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांचा संसार हाय, तिनं गॅस बंद केला आणि बोलली माई, उठा. एकेक करून मागच्या बाजूनं बाहेर आल्या. माई शेवटी, आणि हातात चकल्यांचा डबा, तो सोडायला तयार नाय.

काय पडलं नाय. भाऊ येईस्तोवर आत कुणाला जाऊ दिलं नाय. जुन्या कंपनीतले दोघं बोलावले, कोपऱ्याखाली लोखंडी टेकू दिला, मंग नाडा कापून खिशात टाकला, गाडी उतरवली. दोराच्या सहा-सात तारा तुटून उभ्या राहिलेल्या. भाऊंनी त्या बोटानं मोजल्या. माई बोलल्या, झालं काय होतं. आता तिथं मला बोलता आलं असतं, दोर खराब निघाला. नाडा तर माझ्याच खिशात होता. दोघं फिटर माझ्याच हाताखाली शिकलेले, ते काय बोलले नसते. मी नाडा काढून पुढं धरला, बोललो, हा मी बांधला. भाऊंनी तो हातात घेतला. मंग बोलले, काका, आमी पण खाली शेगडी मांडायला नको होती, तुमी सांगितलेलं. पण हिशोब असा बरोबरीचा नसतो, ते त्यांनाबी माहीत होतं, मलाबी. त्यांनी नवे दोर माझ्याकडनंच टाकून घेतले, पण काम चालू होतं तोवर उभे राहून बघत होते. आधी कधी बघत नव्हते. बरोबर केलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतानं चहा ठेवला समोर, आणि बोलली, एक विचारू, मी खाली नसते, रिकामी लादी असती, तर तुमी तो नाडा दाखवला असता का? मी चहा प्यालो. खोटं बोलवेना आणि खरं मला माहीत नव्हतं. बोललो, माहीत नाय. ती बोलली, बरं. आणि माईंकडं गेली, आता मागच्या अंगणात बसतात.

तवापासून कुणाच्याबी घरी नवी लिफ्ट बघायला गेलो की आधी हे सगळं सांगतो, माझ्या नावासकट. तिथं सगळ्या लाद्या रिकाम्या असतात, माझी बायको कुठल्याच घरात खाली बसलेली नसते, तरी सांगतो. दोघा-तिघांनी परत बोलावलं नाय, चालायचंच. घरी आलो की लता विचारते, सांगितलं का? मी बोलतो, सांगितलं. मंग ती वाढते.