आपोआप म्हंजे कुणी हात न लावता

...न्हाय ओ काका, गाडी चुकली न्हाय, म्या सोडली! सोलापूरची गाडी, खिडकीची जागा, तिकीट खिशात, अन् हितं अणदूरला स्वतःच्या पायानं खाली उतरलो. आता लोहाऱ्याकडं उलटी जाणारी गाडी कधी येते ते बघत उभा हाय. दहाला मला सोलापुरात कामावर हजर व्हायचंय, पहिला दिवस हाय, कॅमेरे बसवायचं काम, दीड वर्षानं मिळालेलं! कृष्णराजशेठ सरळ म्हणालेत, "पहिल्या दिवशी उशीर करणारा मला चालत न्हाय पोरा, दुसरा बघीन." अन् मी हितं! कशापायी? तर घरचा कॉम्प्युटर चालू केला की इंटरनेट आपोआप जोडलं जावं म्हणून! हसताय काय? आपोआप म्हंजे काय? कुणी हात न लावता! पण आमच्या घरात हात न लावता कधी काय झालंय?

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या आबांपायी, म्हंजे वडलांपायी. श्रीपती आबा, लोहाऱ्याच्या स्टँडावर वाहतूक नियंत्रक होते, तीस वर्षं खिडकीत बसून गाड्या सोडल्या, त्यांनी वेळ लिहून घेतल्याबिगर एक गाडी हलली न्हाय. आता रिटायर झालेत, पण खिडकी सुटली न्हाय. रोज दहाला पाली भाषेचा ऑनलाईन वर्ग असतो, रिटायर लोकांचा, उमरगा, लोहारा, तुळजापूर, चाळीस-पन्नास माणसं, अन् आबा त्याचे चालक. चालक कसले! आमच्याकडं वायर थेट कॉम्प्युटरात येते, रोज एका चित्रावर टिचकी मारायची, मग चौकट उघडते, तिच्यात नाव टाका, पासवर्ड टाका, मग कनेक्ट. आबांचं बोट 'श' शोधायला निघालं की परत येईस्तोवर च्या थंड होतो. मग रोज माझ्या नावानं बोंब, "ए प्रसेनजित! उठतो का? माणसं ताटकळलीत!" म्हणलं, राऊटर घ्या, त्यात एकदा पासवर्ड टाकला की ताप मिटला. तर म्हणे, "वायफाय? म्हंजे शेजारच्या शिवप्पाच्या खानदानानं भिंतीपलीकडनं फुकट बघायचं?"

बरं, काम लागलं म्हणून सांगितलं तर काय म्हणावं माणसानं? आनंद झाला? छे! "जा की सोलापूरला, कोण अडवतंय? पण हे आपोआप करून जा. इंजिनिअरिंग अर्धं सोडलंस, हे तरी पुरं कर." बघा! म्या काय सोडलं त्याची यादी ह्यांना पाठ हाय. अन् सोमवार, म्हंजे आजचा दिवस, आजच दहाला आबांना वर्गात पहिल्यांदा स्वतः बोलायचंय, पंधरा दिवस झाले वही भरत्यात. विषय काय माहितीये? आसक्ती कशी सोडावी!

बुधवारी बसलो. 'पासवर्ड लक्षात ठेव' अशी एक चौकट असते, तिच्यात बरोबरची खूण केली, सुरुवातीलाच जोडणी कर म्हणून सांगितलं, बंद केलं, चालू केलं, बारापर्यंत आकडे मोजले... जुळलं! आपोआप! कुणी हात न लावता! गुरुवारी सकाळी बघतो तर चौकट समोर, पासवर्डची जागा रिकामी. परत केलं. शुक्रवारी परत रिकामी! म्या वायर बदलली, विंडोज नव्यानं टाकलं, कॉम्प्युटरला आईबहिणीवरनं बोललो. मग दाराआड उभं राहून बघितलं तर काय, आमचे आबा, चष्मा नाकावर, कॉम्प्युटरचा उंदीर दोन्ही हातांनी धरलेला, त्या खुणेवर टिचकी मारून ती काढत्यात!

"आबा! का काढताय?"

"म्हंजे? कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवायची व्हय रं? कोणपण येईल अन् आत जाईल."

"कोण येणाराय आपल्याकडं?"

"तेच तर! कोण येईल सांगता येतं का?"

आता बोला! किल्ली आत ठेवायची न्हाय, अन् दार मात्र आपोआप उघडायला पायजे!

बरं म्हणलं. रात्री कॉम्प्युटरला जोडणीची एक आज्ञा लिहिली, तिच्यातच नाव-पासवर्ड टाकला, अन् चालू होताच ती आपोआप चालंल अशी ठेवली. आता खूण काढा न्हाय तर काय पण काढा! शनिवारी चालू केलं, काळी चौकट उघडली, जुळलं... अन् त्या काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरात आबांचा पासवर्ड! समोर कोण बसलेलं? अंबादास गुरुजी, पेपर वाचायला आलेले. चष्मा पुसून मोठ्यानं वाचत्यात, "श्रा-व-स्ती, एक-दोन-तीन." माझ्या बहिणीचं नाव. गल्लीतल्या शेंबड्या पोरानं सुद्धा ओळखला असता! पण आबांचा चेहरा असा झाला, जसं कुणी धोतर ओढलं. तडक पायात चप्पल, तडक केबलवाल्याच्या हापिसात, पासवर्ड बदलून परत. अन् मला सांगितला न्हाय!

रविवारी सकाळी कॉम्प्युटर म्हणतो, "नाव किंवा पासवर्ड चुकीचा." उद्या गाडी हाय माझी!

"आबा, नवा पासवर्ड काय?"

"ते गुपित हाय."

"अहो, पण माझ्यापासनं?"

"तुला सांगितलं की तू लगेच त्या डबड्याला सांगणार!"

तुम्हीच सांगा, ह्या माणसाचं काय करायचं? दिवसभर भांडलो. मी म्हणलो, तुमच्या पिढीला काय द्यायचं न्हाय, काय सोडायचं न्हाय, नुसतं धरून बसायचं. आबा म्हणाले, अन् तुमच्या पिढीला काय धरायचं म्हणून न्हाय. शेवटी आईच चुलीपासनं ओरडली, "त्यांनाच लिहू दे की पासवर्ड! अन् तू भिंतीकडं तोंड कर!" तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांचा घोडा मी, अर्धा तास भिंतीकडं तोंड करून उभा! मागं टक्... टक्... अन् मधीच, "बघू नको!" पण जुळलं ओ. काळी चौकट झाकून टाकली, खूण नकोच, सगळं पक्कं. आज पहाटे तीनदा बंद करून चालू केलं, तिन्ही बारीला जुळलं. निघताना आबांचे पाय धरले अन् म्हणलं, आता एकच करा, काहीच करू नका. आपोआप म्हंजे कुणी हात न लावता!

साडेसहाची गाडी. नळदुर्ग मागं टाकलं अन् आबांचा फोन.

"जुळलं रं, आपोआप."

"मग?"

"मग म्या तोडून बघितलं."

"का?!"

"खरंच जुळलंय का ते कळायला नको? तोडलं तर त्यानं इंग्रजीत कायतरी इचारलं. म्या व्हय म्हणलो. तवापासनं ते चित्रच न्हाय."

पुसलं! आख्खी जोडणी पुसली! फोनवरनं सांगून नवी करून घ्यायची तर त्या इंग्रजी चौकटी वाचून टिचक्या मारणार कोण? आबा?

काय म्हणता मावशी, मोबाईलवरनं बोलायचं? म्हणलो की! तर आबा म्हणत्यात, "मोबाईलवर मला कुणाचं तोंड दिसत न्हाय." म्हणलं, शिवप्पाच्या घरी जाऊन बसा. "जीव गेला तरी न्हाय." मग म्हणत्यात, "राहू दे. तू जा कामावर. सांगतो म्या लोकांना, आज आमच्याकडं बंद हाय म्हणून." फोन मात्र चालूच. नुसती वहीची पानं उलटल्याचा आवाज... शिव्या दिल्या असत्या ना, तर आईशप्पथ, गेलो असतो सोलापूरला!

आली का? कुठली हाय बघा बरं, सोलापूर का लोहारा? सोलापूर असंल तर बसतो बघा, पक्कं बसतो, म्हातारा गेला खड्ड्यात, दहाला शेठच्या दारात उभा... लोहारा? बघू, पाटी नीट बघा. लोहाराच.

जाऊ दे. पुढची सोलापूर येईल की. थांबतो मी. या, चढा तुम्ही मावशी, पिशवी द्या हिकडं, धरतो... व्हय ओ कंडक्टर, जरा दम धरा, एक लोहारा...

बघा! मी बोललो का ते? आपोआप निघालं!