फोन ठेवा, नेते व्हा!

…काढून घेतला हो! माझा फोन, माझ्या हातातून, भर सकाळी, कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत! आणि घेतला कोणी? तर त्या किप नावाच्या प्रशिक्षकाने, ज्याचे दात इतके पांढरे की तो बोलायला लागला की आपणच डोळे बारीक करावेत… चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतात ना, तशी प्लॅस्टिकची टोपली घेऊन फिरत होता आणि म्हणतो कसा, "टाका मित्रांनो, टाका! आता दुपारपर्यंत तुम्ही कुणाचे कुणी नाही!" कुणाचे कुणी नाही? अहो, मी हायस्कूलचा क्रीडा संचालक आहे! मी एक वेळ माझ्या बायकोचा कुणी नसेन, पण फोनचा कुणी नाही, हे कसं शक्य आहे? नेतृत्व म्हणे!

तुम्हाला वाटत असेल, संचालक म्हणजे काचेची केबिन, दारावर पाटी, आत गार हवा… कसली केबिन घेऊन बसलात! आमच्या नेब्रास्कातल्या गावात संचालक म्हणजे मी, आर्लेन कुचेरा, एका हातात किल्ल्यांचा जुडगा आणि दुसऱ्या हातात फोन. पंच आले का, विचारा आर्लेनला. बस कुठे अडकली, विचारा आर्लेनला. मैदानावर चुना मारायचाय, पॉपकॉर्नचं यंत्र धूर सोडतंय, कुस्तीच्या मॅटवर पोरगं ओकलं, आर्लेन, आर्लेन, आर्लेन! अहो, माझ्या सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत, तुम्हाला सांगतो, मी शवपेटीला खांदा देऊन चाललोय आणि कानाशी फोन, "जिमची चावी कुठेय?" म्हणून!

आणि त्या शनिवारी काय होतं ठाऊक आहे? आमच्याच जिममध्ये मुलींच्या दुसऱ्या फळीच्या संघांची व्हॉलीबॉल स्पर्धा! चार गावांच्या शाळा! आमच्याकडे लोक लग्न पुढे ढकलतील, पण व्हॉलीबॉल? नाव काढू नका! मी रोझानबाईंना म्हटलं, रोझान टीगार्डन, आमच्या गावातल्या सगळ्या शाळांच्या वरिष्ठ, म्हटलं, "बाई, प्रशिक्षणाला मी जाईन, जरूर जाईन, पण नेमका हाच शनिवार?"

"हाच शनिवार," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा की भांडताही येत नाही, मऊ, लोणी लावलेला. "आर्लेन, तुम्हाला स्पष्टच सांगते. शाळा समितीत कुजबुज चाललीय, की क्रीडा संचालक पूर्णवेळ हवाच कशाला? तुम्ही हे नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आलात, तर मला त्यांच्या तोंडावर काहीतरी मारता येईल."

म्हणजे बघा हं! नोकरी वाचवायची तर नोकरी सोडून जायचं! माझा आ जो वासला, तो गाडीत बसेपर्यंत मिटला नाही.

तर तिथे हॉटेलच्या त्या हॉलमध्ये आम्ही सगळे क्रीडा संचालक. एकेक असा की खुर्चीने माफी मागावी. माझ्या शेजारी ऑर्व्हिल श्टूर्म, पलीकडच्या जिल्ह्यातला, एकेकाळचा पैलवान, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. फोन टोपलीत गेल्यापासून त्याचा हात सारखा खिशाकडे. मी म्हटलं, "काय रे?" तर म्हणतो, "काही नाही… फुटबॉलच्या मैदानाचे फवारे बंद केले की नाही, आठवत नाहीये." आणि किप काय म्हणाला? "डोळे मिटा. तुम्ही तुमच्या शाळेतून चालत बाहेर पडताय. दार बंद झालं. मागे वळून बघू नका. आता फक्त श्वास…" श्वास कसला! हॉलभर नुसते सुस्कारे! आणि त्या शांततेत, तुम्हाला सांगतो, मला हुंदका ऐकू आला. ऑर्व्हिल रडत होता! अहो, हा माणूस तरुणपणी खांदा निखळला तरी कुस्ती सोडत नसे, तो फवाऱ्यांसाठी रडत होता! नेतृत्व म्हणे!

मी डोळे मिटले खरे, पण मला काय दिसत होतं सांगू? मला डॉयल व्हर्टिश दिसत होता.

डॉयल म्हणजे… शेताला पाणी देणारी ती चाकांवरची लांबच लांब यंत्रं असतात ना, ती विकतो तो. आवाज असा की शेताच्या या टोकावरून बोलला तर त्या टोकाचं यंत्र सुरू व्हावं. त्याची मुलगी ब्रिनली आमच्या दुसऱ्या संघात, आणि हा प्रेक्षकांत. पोरीच्या हाताला चेंडू लागायच्या आधी याचं तोंड सुटलेलं असतं, "ए पंच! चष्मा घरी ठेवलास की बायकोने काढून घेतला?" सामना संपला की याचा मला फोन. जेवताना फोन. दात घासताना फोन. "आर्लेन, खरं सांग, तो पंच आंधळा होता की विकला गेला होता?" याच्यापायी दोन पंचांनी पंचगिरी सोडली हो! एकाने तर मधमाश्या पाळल्या, म्हणाला, कमी चावतात. तो डॉयल आज जिममध्ये असणार आणि त्याला आवरायला मी नसणार!

दुपारी जेवण झालं आणि किपने टोपली मधोमध आणून ठेवली. म्हणाला, "आता बघू, तुमच्यावाचून जगाचं काय काय अडलं!" आणि एकेकाचा फोन सुरू झाला तशी टोपली बुजबुजायला लागली. टोळधाड आल्यासारखी! ऑर्व्हिलला तर इतके निरोप, की वाचता वाचता घाम फुटला, फवारे चालूच होते, मैदानाचं तळं झालं होतं, आणि त्यात कुणाच्या तरी गाई शिरल्या होत्या! पण चेहरा बघा त्याचा! काय खुलला म्हणता! "बघितलंस? माझ्यावाचून काही चालत नाही!"

मी माझा फोन उचलला.

काही नाही. एकही फोन नाही. एकही निरोप नाही. पडदा स्वच्छ, धुतलेल्या ताटासारखा.

आणि तो किप! त्याने डोकावून बघितलं आणि टाळ्या वाजवायला लागला! "मित्रांनो, हा बघा! याला म्हणतात नेता! याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही!" आणि ते सगळे रेडे उभे राहून मला टाळ्या वाजवतायत… माझ्यासाठी टाळ्या! अहो, घोर अपमान आणि वर टाळ्या! तुमच्यावाचून कुणाचं अडत नाही, ही काय शाबासकी झाली? आमच्याकडे हे माणूस गेल्यावर, दफन उरकून, सगळे जेवून-बिवून घरी निघताना हळूच बोलतात!

बाहेर पडलो, बायकोला फोन लावला. "लॉर्ना, मला एक फोन कर."

"करतोयस काय मग आता? बोलतोच आहेस की माझ्याशी!"

"हा ठेव, आणि तू कर."

केला तिने. वाजला. छान वाजला.

"काय झालंय आर्लेन?"

"काही नाही गं… वाजतोय का बघत होतो."

ती इतक्या हळू आवाजात "जेवलास का?" म्हणाली, की मला तिथे व्हरांड्यातच भरून आलं.

म्हणजे फोन ठीक आहे. मग काय? स्पर्धा रद्द झाली? जिमला आग लागली? की… आणि इथे माझं धाबं दणाणलं… की समितीने निकाल लावून टाकला, आणि मी आता कुणी नाहीच, म्हणून फोन नाही? शाळेच्या ऑफिसात फर्नला लावला. फर्न म्हणजे आमची कारकूनबाई, मला शाळकरी पोर असल्यापासून ओळखते, त्यामुळे तिच्या लेखी मी अजून शाळकरीच.

"काय रे बाळा? शिकतोयस ना नीट?"

"फर्न, सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम आहे." मागे हा गोंगाट! "पंचांच्या गाडीसमोर हरीण आलं. गाडी खड्ड्यात. ते बरे आहेत, हरीणही पळालं. ठेवू?"

"ठेवू काय ठेवू! पंच नाहीत? मग सामने?"

"चाललेत की."

"पंच कोण?"

आणि तेवढ्यात मागून शिट्टी वाजली, आणि पाठोपाठ तो आवाज… तो आवाज हो! शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा! "नेटला हात! गुण पाहुण्यांना!"

"फर्न… तो डॉयल आहे?"

"हो," म्हणाली, "ठेवते. चिलीचं पातेलं लागतंय खाली." आणि ठेवला!

मी पळालो. प्रमाणपत्र संध्याकाळी मिळणार होतं, ते गेलं खड्ड्यात, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून, मागच्या दाराने, एका आचाऱ्याला "माफ करा, माफ करा" म्हणत गाडी गाठली. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, आणि मधून मी सुसाट, आणि मनात एकच चित्र, की शेजारच्या तिन्ही गावांनी मिळून डॉयलला नेटला टांगलाय, आणि माझी नोकरी त्याच्या पायाला लोंबतेय.

जिमचं दार ढकललं आणि जागच्या जागी खिळलो.

डॉयल पंचाच्या उंच चौथऱ्यावर उभा. डोक्यावर त्याच्या दुकानाची टोपी, ओठांत शिट्टी, ताठ, अगदी इस्त्री केल्यासारखा. आणि जिममध्ये… शांतता! त्या जिममध्ये! मी फर्नला गाठलं, ती खिडकीतून चिली, म्हणजे आमची खिमा-राजम्याची उसळ, आणि दालचिनीचे रोल वाढत होती. "फर्न, हे कुणाचं डोकं?"

"माझं. दुसऱ्या संघाचे सामने, चारही कोच तयार झाल्या, आणि याने तरुणपणी पंचाची परीक्षा दिली होती, ते माझ्या लक्षात होतं. शिवाय," असं म्हणून तिने एक रोल माझ्या हातात कोंबला, "तोंडात शिट्टी असली की माणसाला ओरडता येत नाही."

आता ऐका. शेवटचा सामना, शेवटचा गुण, आमचा संघ एका गुणाने पुढे. ब्रिनली उडाली, असा चेंडू मारला की काय सांगू, जमिनीत रुतेल असा! सगळं जिम उभं! जिंकलो! आणि… शिट्टी. डॉयलने हात उचलला, नेटला हात लावला आणि बोट दाखवलं. आपल्याच पोरीकडे! नेटला स्पर्श! गुण पाहुण्यांना!

मग जो कल्लोळ उठला! आणि सगळ्यांच्या वर कुणाचा आवाज? त्याच्या स्वतःच्या बायकोचा! "डॉयल! डोळे आहेत की खोबणी? आज घरी ये तू, घरी ये!" आणि डॉयल? ढिम्म हलला नाही. फक्त कान लाल झाले. ब्रिनली खालून बापाकडे बघत होती, बघतच राहिली, आणि मग मान खाली घालून म्हणाली… मी अगदी जवळ होतो, मी ऐकलं… म्हणाली, "लागला होता हात."

हरलो. त्यानंतरचे दोन गुण गेले, सामना गेला. डॉयल चौथऱ्यावरून उतरला आणि येऊन माझ्या शेजारी बाकावर धप्पकन बसला. शिट्टी मुठीत.

"आर्लेन," म्हणतो, "लोक काय काय बोलतात रे!"

अहो, मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्याचे फोन घेतले, तो मला सांगतोय, लोक काय काय बोलतात! म्हटलं, "असं का? मला तर कल्पनाच नव्हती." आणि हातातला रोल अर्धा करून त्याला दिला. खाल्ला त्याने. गप्प बसून खाल्ला. मी त्याला इतका वेळ गप्प कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगू, मला तो पहिल्यांदाच बरा वाटला.

तेवढ्यात रोझानबाई आल्या. मी उभाच राहिलो. म्हटलं, संपलं! प्रशिक्षणातून पळालोय, प्रमाणपत्र नाही, तोंडावर मारायला काही नाही… पण बाई हसतायत!

"किपचा फोन आला होता," म्हणाल्या. "म्हणाला, मी वर्षानुवर्षं लोकांना सांगतोय, सोडून निघा, मागे बघू नका. खरोखर निघून गेलेला हा पहिलाच माणूस! प्रमाणपत्र पोस्टाने पाठवतोय."

नेतृत्व म्हणे! स्वयंपाकघरातून पळालो, तेही नेतृत्वात धरलं!

"आणि फोन?" मी म्हटलं. "एक फोन केला नाहीत मला, एक?"

"मीच बंदी घातली होती. किपने आधीच कळवलं होतं तसं. आर्लेन, पंच गेले, चिली लागली, वीज एकदा गेली, आणि कुणी घाबरलं नाही. एवढी वर्षं तुम्ही कसं करता ते बघून बघून लोक शिकलेत. समितीचे दोघं इथेच बसले होते. तुमची जागा पक्की."

म्हटलं, "बाई, आभारी आहे…"

"आणि म्हणूनच," बाई तोच मऊ, लोणी लावलेला आवाज काढून म्हणाल्या, "सोमवारपासून शाळेच्या बसगाड्या आणि जेवणघर, दोन्ही तुमच्याकडे. एका जागी नसून तुम्ही इतकं छान चालवता, तर तीन जागी नसायला काय हरकत आहे?"

मी म्हटलं, "आणि बाई… पगार?"

"तो?" बाई म्हणाल्या, "तो जिथे आहे तिथेच राहील."